सहीच्या आधीचा सल्ला

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर काय किंवा कल्याणच्या न्यायालयाच्या आसपास काय, टंकलेखकांची मेजे, मुद्रांकविक्रेते आणि नोटरींचे फलक जेथे एकमेकांना लागून दिसतात, तेथे घरच्या कलहाने शिणलेली माणसे ज्या कागदांवर सह्या करून, आता आपण मोकळे झालो अशा समजुतीने परत जातात, त्या सर्व कागदांत सोडचिठ्ठीचा कागद अधिक घातक होय. मुद्रांकावर टंकलिखित केलेला हा मजकूर बहुधा ठराविक असतो: उभयतांचे स्वभाव जुळत नाहीत, सबब उभयतांनी राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय विभक्त होण्याचे ठरविले आहे, यापुढे एकाचा दुसऱ्यावर कोणताही हक्क राहणार नाही, आणि दोघांसही दुसरा विवाह करण्याची मुभा राहील. खाली पतिपत्नींच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. तथापि नोटरीचा शिक्का सही अमक्याने केली एवढेच सांगतो. विवाहाचे बंधन तोडण्याचे सामर्थ्य त्यात नाही. हिंदू विवाह कायद्याखाली झालेला विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. ज्ञातीच्या रूढीने मिळणारा काडीमोड १९५५ च्या कायद्याने राखून ठेवला आहे हे खरे. परंतु तशी रूढी आपल्या ज्ञातीत परंपरेने व अखंड चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. तो भार न पेलल्यास या कागदाच्या भरवशावर केलेला दुसरा विवाह निरर्थक ठरतो, आणि पहिल्या जोडीदाराने फिर्याद केल्यास त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ज्या स्त्रीने निष्पाप मनाने त्या पुरुषाशी लग्न केले, तिच्या पदरी काय येते याचा विचार कागद लिहून देणाऱ्याने केलेला नसतो.

हा कागद अद्याप चालतो याचे मूळ इतिहासात आहे. महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत काडीमोड आणि पाट पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. तथाकथित उच्चवर्णीय स्त्रीला मात्र विवाहातून बाहेर पडण्याचा मार्गच नव्हता. मुंबईच्या रखमाबाईंवर त्यांच्या पतीने नांदायला येण्यासाठी लावलेल्या दाव्यात १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पण तो अपिलात फिरला, आणि १८८७ साली नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम त्यांच्यावर झाला. पुढल्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तो १९४७ साली, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी. रूढीची स्मृती घराघरांत कायद्याच्या ज्ञानाहून जुनी असल्याने, पंचांनी बसून जे मिटविले ते मिटले, अशी भावना आजही टिकून आहे.

वस्तुतः उभयतांची संमती असेल, तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. निदान एक वर्ष पृथक् राहिल्यावर दोघांनी संयुक्त अर्ज करावयाचा आणि सहा महिन्यांनंतर, परंतु अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम आहे असे सांगावयाचे. समेटाची आशा उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे बाबी मिटल्या असतील, तर ही सहा महिन्यांची मुदत न्यायालयाला माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे अर्ज त्याच्यापुढे चालतो, जेथे नाही तेथे दिवाणी न्यायालयापुढे. विवाह जेथे झाला, उभयता शेवटी जेथे एकत्र राहिली किंवा अर्जदार पत्नी आज जेथे राहते, तेथे तो दाखल करता येतो. म्हणून डोंबिवलीला माहेरी आलेल्या स्त्रीला सासरच्या जिल्ह्यात तारखांसाठी खेटे घालावे लागत नाहीत. घटस्फोट, पोटगी, मालमत्ता व छळ यांविषयीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क महाराष्ट्र शासनाने १९९४ सालीच माफ केले आहे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे नियम हिंदूंचे, व कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बौद्ध, जैन आणि शिखांचेही. कल्याण-भिवंडीच्या कोकणी मुसलमानांना, ठाण्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना आणि तेथील बेने इस्रायलांना विवाहापुरते आपापले कायदे आहेत. नोंदणी पद्धतीने विवाह करणाऱ्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपले प्रकरण ताडू नये, ते यासाठीच.

घरात मारहाण, उपासमार किंवा हाकलून देणे सुरू असेल, तर घटस्फोटाचा विचार पक्का होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि संसार न मोडताही संरक्षणाचा, निवासाचा व खर्चाचा हुकूम मागता येतो. घर सासूच्या नावावर आहे, तुझा येथे संबंध काय, हे वाक्य ऐकून निमूटपणे बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मोलाचा आहे: पतिपत्नी जेथे नांदली ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले, तरी सुनेला तेथे निवासाचा हक्क मागता येतो. त्याच वर्षी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात, दोन्ही पक्षांनी उत्पन्नाची व मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे दाखल करावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अर्जाच्या तारखेपासून, हे शब्द नीट ध्यानी घ्यावेत. नातेवाइकांच्या बैठकांत गेलेल्या महिन्यांची पोटगी त्यात धरली जात नाही.

मालमत्तेच्या बाबतीत तर या परिसरात सल्ल्याची निकड अन्यत्रापेक्षा अधिक आहे. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या ज्या गावांत परवापरवापर्यंत भाताची खाचरे होती, तेथे आता इमारतींचे आराखडे मंजूर होत आहेत, आणि सातबाऱ्यावर नावे लावण्याची वेळ आली की बहिणींना निरोप जातो: एक सही हवी आहे, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत ये. समोर येतो तो दस्तऐवज हक्कसोडपत्र असतो, त्यात विनामोबदला हा शब्द असतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती मजकूर न वाचता अंगठा यंत्रावर ठेवते. मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहदायाद आहे, हे महाराष्ट्राने १९९४ साली, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरते, आणि संसदेने २००५ साली सर्व मुलींसाठी मान्य केले. २००५ ची दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात नसले तरी बाध येत नाही, हे २०२० साली निश्चित झाले. परंतु नोंदणीकृत हक्कसोडपत्राने दिलेला हिस्सा परत मागावयाचा, तर फसवणूक वा दडपण सिद्ध करावे लागते, आणि तेही मुदतीत. बहिणीने भावाला हिस्सा देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. देण्यातही थोरवी आहे. पण आपण काय देत आहोत हे तिला कळलेच पाहिजे. जी सही समजून केलेली नाही तिला मी प्रेमाची देणगी म्हणणार नाही.

वृद्धांची कथा याहून निराळी नाही. महाराष्ट्रात राहते घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्यास मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये असल्याने, मृत्युपत्राची कटकट कशाला, आताच नावावर करून टाका, असा आग्रह सहज होतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, बक्षीसपत्र तसे फिरविता येत नाही, हा भेद कोणी सांगत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची सोय केली आहे, आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात चालतो. परंतु ती अट दस्तऐवजात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असणे हेच सुरक्षित. डोंबिवलीच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यावर आणखी एक गैरसमज उफाळतो, तो असा की गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी ज्याचे नाव नामनिर्देशनात, सदनिका त्याची. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळते. वारसा ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

वकिलाच्या खर्चाची धास्ती हे विलंबाचे मोठे कारण आहे, आणि ते पुष्कळांच्या बाबतीत निराधार आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कल्याणला तालुका विधी सेवा समिती आहे, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. जाताना विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, घराचे कागद आणि असतील तर औषधोपचाराची कागदपत्रे बरोबर न्यावीत. सहीसाठी एखादा कागद पुढे ठेवला गेला असेल, तर सही न करता त्याची नक्कल मागून घ्यावी, आणि प्रथम तीच वकिलाला दाखवावी.