उपकारस्तुतीपासून पाणलोटापर्यंत

संकल्पना

ख्रिस्ती विचारात निसर्ग हा ईश्वर नाही, ईश्वराची निर्मिती आहे. म्हणून त्याची पूजा होत नाही; त्याच्याबद्दल निर्मात्याचे आभार मानले जातात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. लेवीय ग्रंथ सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगतो. मालकी देवाची, माणसाकडे केवळ कारभार. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला: जमिनीची नासाडी आणि गरिबांची होरपळ हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत.

कापणीचा सण

अहिल्यानगरात (पूर्वीचे अहमदनगर) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीच्या उपकारस्तुतीला शेतकरी कुटुंबे धान्य, भाजी, कधी कोंबडी वेदीपुढे आणतात. पुढे त्यांचा लिलाव होतो. आभाराला वजन असते, ते असे.

पाण्याचे गणित

वेदीपुढे येणारे धान्य पावसावर ठरते. जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्याच्या डोंगरात धो धो पाऊस, तर पूर्वेकडचा बराच भाग पर्जन्यछायेत. तरीही ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी. उघड्या उतारावरून ते मातीसकट वाहून जाते. तेव्हा टंचाई जितकी पावसाची, तितकीच पाणी न अडवण्याची.

माथा ते पायथा

स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी अहिल्यानगर जिल्ह्यात दीर्घकाळ काम करून हे गणित हाती घेतले. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागे त्यांची प्रेरणा होती. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. कामाचा क्रम ठरलेला: आधी माथ्यावर सलग समतल चर आणि झाडे, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारे. क्रम उलटला तर बंधारा गाळाने भरतो. चरात थांबलेले पाणी मुरते आणि खालच्या विहिरीत उतरते.

गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारायची, ही अट. अवघड भाग इथेच. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत मेंढपाळांचे पोट चराईवरच होते. त्यामुळे सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने राखावा लागला. गाव ख्रिस्ती आहे की नाही, हा प्रश्न कामात कुठेच नव्हता. श्रद्धा प्रेरणेपुरती, नियम सर्वांना सारखे. हे शहाणपण खरे तर चरांपेक्षा महत्त्वाचे.

मर्यादा

पाणलोटाचे काम पाऊस वाढवत नाही. पडलेल्या पावसाचा साठा करते. विहिरी भरल्या की ऊस आणि कूपनलिका येतात, आणि वरच्या उतारावर कित्येक वर्षे राखलेले पाणी दोन-तीन उन्हाळ्यांत उपसले जाऊ शकते. उपशावर नियम घालणे चर खोदण्याहून कठीण, कारण चर गावाच्या डोंगरावर असतो आणि पंप ज्याच्या त्याच्या शेतात.