न्हाणीघरातली ओल

आपल्या देशात लिहिलेले नळकामाचे एखादे इंग्रजी पुस्तक चाळावे. जमिनीतले पाणी गटाराकडे नेणाऱ्या वाटीसारख्या भागाला त्यात ‘नहाणी ट्रॅप’ म्हटलेले सापडते. मराठी-गुजराती मुलखाबाहेरचे प्लंबरही हाच शब्द बोलतात. आमची न्हाणी अशी देशभर जाऊन पोचली, आणि आमच्या स्वतःच्या घरांतून मात्र ती ‘बाथरूम’ होऊन निघून गेली! शब्द गेला तो गेला. पण त्याबरोबर त्या चार-पाच फुटांच्या जागेविषयीचे घरगुती ज्ञानही गेले, ही गोष्ट मला अधिक लागते.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगावयास नको. मागच्या चौकाच्या कोपऱ्यात न्हाणी, तिच्या शेजारी तांब्याचा बंब, आणि पाणी आडाचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आजव्याच्या तलावाचे पाणी शहरात आले आणि नळ हळूहळू घरांत शिरले. मग चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती फोडून लोखंडी नळ्या बसल्या, पुढे त्यावर सिमेंट चढले, त्यावर फरशा, आणि अलीकडे प्लास्टिकच्या नळ्या. एकाच भिंतीत चार पिढ्यांचे सामान नांदते. आणि एकत्र कुटुंबात व्हायचे तेच तेथेही होते. कोणाचे कोणाशी पटत नाही, आणि त्रास बाहेरच्या खोलीला होतो.

आमच्याकडे तो त्रास बैठकीच्या खोलीला झाला. न्हाणीघर आणि बैठक यांच्यामध्ये एकच भिंत. तिच्यालगत वडिलांचे दोन मिरजेचे तंबोरे वर्षानुवर्षे उभे असत. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेले फळच. हवेतला दमटपणा तो पिऊन घेतो, सरसाचे सांधे सुटू लागतात, घोडी जागेवर राहत नाही. एका पावसाळ्यात मोठ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले, तेव्हा ओल हा केवळ रंग खराब होण्याचा प्रश्न उरला नाही. तंबोरे वरच्या खोलीत गेले आणि मी भिंतीसमोर उभा राहिलो.

सल्ले पुष्कळ मिळाले. एका ठेकेदाराने न्हाणीघर जमीनदोस्त करून भिंतीच्या दोन्ही अंगांना छतापर्यंत फरशी मारण्याचा बेत सांगितला. आकडा ऐकून माझ्या वर्षभराच्या शिकवण्या डोळ्यांपुढून सरकल्या. एका नातलगाने घरच बिल्डरला देऊन मोकळे व्हावे असे सुचवले. छोट्या कामाला गवंडी मात्र येईना. त्याचा दोष मी त्याला देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरल्यावर कितीतरी घरांच्या जमिनी उखडल्या होत्या. चार फरशांसाठी त्याने दिवस का मोडावा?

ओलीच्या बाबतीत पहिली गोष्ट ही, की हातोडा उचलण्यापूर्वी पाणी कोठून येते ते ठरवावे. बहुतेक खर्च वाया जातो तो येथे. वाटा मुख्यतः तीन. भरलेल्या नळाची नळी आत गळत असेल तर तुम्ही आंघोळ करा वा न करा, भिंत ओलीच राहील. जमिनीतून किंवा जाळीच्या कडेने पाणी मुरत असेल तर वापरानंतर ओल वाढेल. आणि ती पायातून किंवा पावसातून चढत असेल तर न्हाणीघराशी तिचा संबंधच नाही. फरशा बदलून काय होणार?

आम्ही बैठकीच्या बाजूला ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घातली. दोन दिवस घरातील सर्व मंडळींनी आंघोळी शेजारच्या बिऱ्हाडात उरकल्या (या प्रयोगाला सर्वांत अधिक विरोध माझ्या मुलाचा नव्हे, सासूबाईंचा झाला). नळ भरलेलेच ठेवले होते. ओल रेघेपुढे सरकली नाही, म्हणजे नळी निर्दोष. मग न्हाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवला, जमिनीवर बोटभर पाणी साठवले, त्याचीही पातळी रेघेने टिपली आणि चोवीस तास तसेच ठेवले. सकाळी आतले पाणी उतरले होते आणि बाहेरची ओल रेघ ओलांडून दोन बोटे वर गेली होती. गुन्हेगार जमिनीत होता.

कोणत्या फरशीखाली, हे शोधण्यास कानाचा उपयोग झाला. फरशीवर नाण्याने टकटक करावी. खाली मसाला भरलेला असेल तर आवाज बंद आणि टणक येतो. पोकळी असेल तर तो फुटका आणि मोठा येतो. तबल्याची सोळा घरे एकेक तपासावी तशा मी सर्व फरशा वाजवल्या. जाळीभोवतीच्या चार उतरलेल्या निघाल्या. माझ्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थिनीने पाचवी दाखवली. ती मला भरलेली वाटली होती. उचलल्यावर तिच्याखाली कोपऱ्यात पोकळी होतीच. पुढच्या तालमीत तिच्या श्रुतींबद्दल मी जरा जपून बोललो.

त्या पाच फरशा छिन्नीने कडेकडेने उचलल्या, खालचा भुगा झालेला मसाला काढला, जागा ओली करून नवा मसाला भरला. येथे महत्त्व उताराचे. चार फुटांस अर्धा-पाऊण इंच उतार पुरे. याहून कमी झाला तर पाणी रेंगाळते, फार झाला तर म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. काचेची गोटी सोडून पाहावी. ती जाळीकडे न जाता भिंतीकडे गेली तर पाणीही तिकडेच जाणार. मसाला सुकल्यावर जलरोधक लेपाचे दोन हात दिले, आणि फरशा बसवण्याआधी पुन्हा चोवीस तास पाणी तुंबवले. फरशी बसल्यावर गळती कळली तर सारे काम पहिल्यापासून, म्हणून ही घाई करू नये.

न्हाणीच्या वाटीत साधारण ५० मिलिमीटर पाणी नेहमी उभे राहते, ते कशासाठी हे पुष्कळांना माहीत नसते. गटारातील दुर्गंधी आणि झुरळे यांना अडवणारा तोच एक दरवाजा. उन्हाळ्यात घर बंद करून महिनाभर गावी गेलात की ते पाणी आटते, आणि परतल्यावर लोक महागडी औषधे ओततात. एक तांब्या पाणी ओतले की काम होते.

आता भिंत. तिच्यावर बैठकीच्या अंगाने कोणीतरी पूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता, आणि हेच रोगाचे अर्धे मूळ. चुन्यातली भिंत पाणी आत घेते तसे बाहेरही सोडते. तिला श्वास आहे. वर सिमेंट आणि त्यावर प्लास्टिकचा रंग चढवला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. मग ते वर चढते, क्षार फुलून येतात, आणि गिलावा पोपडे होऊन पडतो. आम्ही ओलीच्या रेघेवर हातभर उंचीपर्यंत तो गिलावा पाडला आणि विटा उघड्या ठेवल्या, दोन महिने! पाहुण्यांनी नाके मुरडली. पांढरे क्षार कोरड्या कुंचल्याने झाडून काढले. धुतले तर ते पाण्याबरोबर पुन्हा आत जातात. मग चुना, सुरखी आणि वाळू यांचा पातळ गिलावा, एक थर आवळला की दुसरा, आणि वर चुन्याचीच सफेदी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. आणि तो डोळ्यात उडाला तर भाजतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच.

हे सर्व करताना एका गोष्टीचे नवल वाटले. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि १८९० साली कलाभवन. गाणे आणि हातकाम, दोन्ही गोष्टी शाळेत बसून शिकता येतात ही कल्पना चार वर्षांच्या अंतराने येथे प्रत्यक्षात आली. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपल्या पांढरपेशा घरांतील मुलाने पाना हातात धरला तर आजही ‘प्लंबरला बोलाव ना’ असे आतून ओरडणे येते. चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवीत. त्यांचा चिमणराव याच घरांतून फिरला असावा, अशी मला दाट शंका आहे.

नळाची गळती तर कोणीही थांबवावी. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. रात्री खाली पातेले ठेवून सकाळी मापून पाहा. जुन्या पिळाच्या नळात रबरी वॉशर झिजलेला असतो. वरचा कॉक बंद करून नळ उघडावा, जुना वॉशर दुकानात नमुना म्हणून न्यावा, नवा बसवावा. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशर नसतो, आतली अख्खी कळ बदलावी लागते. सांध्यावर टेफ्लॉनची पट्टी आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळली तर ती फिरवताना सुटून येते.

विजेच्या गीझरला मी हात लावत नाही. त्याचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच परवानाधारक वायरमननेच पाहावा. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात तर असूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आत गेलेला माणूस दाराची कडी काढण्याइतकाही शुद्धीवर राहत नाही.

भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा सफेदीखाली गेल्या, म्हणून मी नव्या ओढल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात ओल त्यांच्यापर्यंत आली नाही. तरी तंबोरे अजून वरच आहेत. आणखी एक पावसाळा पाहायचा आहे. दरम्यान वरच्या मजल्यावरील मोरीखालच्या सागवानी तुळईत पेचकस टोचला, तो अर्धा इंच आत गेला. ते काम माझे नव्हे. सुतार मंगळवारी येतो म्हणाला आहे. तोवर त्या मोरीला कुलूप आहे.