शिंदळ माकुडी : पानाची आणि फुलाची साक्ष

एकाच पुराव्यावर निष्कर्ष काढू नये, असे आम्ही इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्यांना सांगत आलो. वनस्पतींच्या वर्गीकरणातही हाच नियम लागू पडतो. ज्या शिवनेरीच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत, त्याच्याच कड्यांवर शिंदळ माकुडी हे छोटे, मांसल झुडूप वाढते. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांपलीकडे ते जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही.

१८६५ च्या सुमारास डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. इतर माकुड्या जवळजवळ पर्णहीन असतात. हिला मात्र पावसाळ्यात ठसठशीत पाने फुटतात व उन्हाळ्यात गळून जातात. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मानली गेली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव मिळाले.

फुलाची साक्ष निराळी निघाली. पिवळ्या खुणांच्या, तांबूस, ताऱ्यासारख्या फुलाची रचना माकुड्यांशी जुळते. १९५८ मध्ये रौली यांनी तिला ‘कॅरालुमा’ प्रजातीत घेतले. २००२ मध्ये ती ‘बूसेरोसिया’त गेली. कुल मात्र रुई-कण्हेरीचेच.

नाव बदलले तरी तिची दुर्मीळता कमी झालेली नाही. चराई, वणवे आणि रोपे उपटून नेणारे हात ही संकटे कायम आहेत. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती : लेणी पाहायला जाल तेव्हा हे फूल दिसल्यास डोळे भरून पाहावे, रोपाला हात लावू नये.