मरण एक, शब्द अनेक

मृत्यू घडविण्यासाठी इंग्रजीत असलेल्या शब्दांपैकी 'किल' हा सर्वांत निःपक्षपाती होय. मारणारा माणूस असो, थंडी असो वा दुष्काळ, तो कोणावरही दोष ठेवीत नाही. 'मर्डर' म्हटले की बेकायदेशीरपणा आणि दुष्ट हेतू गृहीत धरले जातात. 'असॅसिनेशन'मध्ये मृताचे सार्वजनिक स्थान डोकावते, तर 'मॅसॅकर'मध्ये असहाय समूह. 'एक्झिक्यूट'चा मूळ अर्थ केवळ अंमलबजावणी करणे; अंमल शिक्षेचा होतो, मरतो मात्र माणूस. याहून विलक्षण म्हणजे, खाटीकखान्याची आठवण देणाऱ्या 'स्लॉटर'मागे 'मॅन' हे पद लागले की कायद्याच्या तराजूत तो शब्द 'मर्डर'हून हलका ठरतो!

हा विषय केवळ कोशकारांचा नव्हे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत असेच सूक्ष्म भेद उतरले. खून, खून न ठरणारा सदोष मनुष्यवध आणि निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू अशा त्या उतरत्या पायऱ्या होत.

या पायऱ्यांमधील अंतर भोपाळने दाखवून दिले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आरोप प्रथम सदोष मनुष्यवधाचा होता. त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकला असता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाच्या कलमाखाली आणला. तेथे कमाल शिक्षा दोन वर्षांची. जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना तेवढीच शिक्षा झाली. मृत तेच होते. बदलला होता तो शब्द.

असे भेद नसावेत, असे कोणी म्हणणार नाही. वाहनचालकाची क्षणिक चूक आणि विष घालणाऱ्याचा कट यांना एकाच मापाने मोजणे हा अन्यायच ठरेल. परंतु भोपाळच्या कारखान्यात वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा दुर्घटनेपूर्वीच बंद करण्यात आली होती. सुरक्षिततेवरील खर्चाला जेव्हा कात्री लागते, तेव्हा त्यामागे कोणाच्या मृत्यूचा हेतू नसतो, हे खरे. पण ती क्षणिक चूकही नसते. तो हिशेब करून घेतलेला निर्णय असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने निष्काळजीपणाची शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढविली, हे योग्यच झाले. मात्र अशा हिशेबी मरणाला नेमके नाव देणारा शब्द अद्याप ना इंग्रजीने दिला आहे, ना कायद्याने.