किल्पेक येथील ग्रामचर्च : इतिहास आणि नॉर्मन स्थापत्य

प्रस्तावना

इ. स. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्यानंतरच्या सुमारे शतकभरात तेथे उभारल्या गेलेल्या वास्तूंना ‘नॉर्मन’ ही संज्ञा दिली जाते. ही संज्ञा सोयीची असली, तरी ती राज्यकर्त्यांची ओळख सांगते. कारागिरांच्या परंपरा सांगत नाही. हा भेद स्पष्ट व्हावा या हेतूने हेरफर्डशर परगण्यातील किल्पेक या खेड्यातील संत मेरी व संत डेव्हिड यांच्या चर्चचा प्रस्तुत लेखात विचार करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

किल्पेक हे वेल्सच्या सीमेनजीकचे गाव होय. १०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीनुसार ते विल्यम फिट्झ नॉर्मन या सरदाराकडे होते. त्याचा वारस ह्यू याने ११३४ मध्ये येथील चर्च ग्लॉस्टरच्या मठास दान दिले. सध्याची वास्तू ११४० च्या सुमारास बांधली गेली. चर्चच्या पश्चिमेस किल्ल्याचा मातीचा उंचवटा आजही दिसतो. राजसत्ता व धर्मसत्ता यांचे हे सान्निध्य नॉर्मन काळाचे द्योतक आहे. तथापि, हा प्रदेश मुळात वेल्श परंपरेचा होता आणि संत डेव्हिड हे तर वेल्सचे आश्रयदाते संत मानले जातात.

वास्तुरचना

तांबड्या वालुकाश्मात बांधलेली ही वास्तू आकाराने लहान आहे. भाविकांचे मुख्य दालन, त्यापुढे धर्मगुरूंचे दालन आणि पूर्वेस अर्धवर्तुळाकार गर्भभाग, असे तिचे तीन विभाग आहेत. जाड भिंती, लहान खिडक्या व अर्धवर्तुळाकार कमानी ही शैलीची प्रमुख लक्षणे येथे आढळतात.

शिल्पवैशिष्ट्ये

दक्षिण दरवाजावरील अर्धवर्तुळाकार पट्टावर वेल-वृक्ष कोरलेला असून त्याभोवतीच्या कमानीवर पक्षी व काल्पनिक प्राणी आहेत. बाजूच्या स्तंभांवर साप आणि वेलींत गुंतलेले योद्धे दिसतात. छताच्या कडेखाली भिंतीतून पुढे आलेल्या कोरीव दगडी हस्तांपैकी ८५ शिल्लक आहेत. त्यांत कुत्रा व ससा, वादक, तसेच ‘शीला-ना-गिग’ या नावाने प्रसिद्ध असलेली नग्न स्त्रीप्रतिमा आहे.

पश्चिमेकडील व्यालमुखे स्कँडिनेव्हियन कलेची आठवण देतात, तर कमानींवरील प्राणिरांगांचे साम्य पश्चिम फ्रान्समधील चर्चशी दिसते. या साम्याचा एक दुवा याच परगण्यातील शॉबडन येथे मिळतो. तेथील चर्च उभारणारा ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड हा स्पेनमधील सांतियागो द कोंपोस्तेला येथे यात्रेस गेला होता. शॉबडन व किल्पेक येथील कोरीवकाम एकाच ‘हेरफर्डशर शैली’चे मानले जाते.

जतनाचा प्रश्न

अठराव्या शतकाच्या मध्यास शॉबडनचे जुने चर्च पाडण्यात आले. त्याच्या कोरीव कमानी उद्यानाची शोभा म्हणून टेकडीवर उघड्यावर मांडल्या गेल्या. ऊन-पावसाने त्यांची शिल्पे इतकी झिजली, की अभ्यासकांना १८५२ मध्ये जी. आर. लुईस यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रांचा आधार घ्यावा लागतो. किल्पेकची शिल्पे मात्र टिकाऊ दगडामुळे आणि मूळ जागीच राहिल्यामुळे आजही सुस्पष्ट आहेत.

समारोप

नॉर्मन सरदाराचा आश्रय, वेल्श संताचे नाव, स्कँडिनेव्हियन वळण आणि यात्रामार्गावरून आलेले फ्रेंच संस्कार या सर्वांचा मेळ एका लहानशा ग्रामचर्चमध्ये झालेला दिसतो. त्यामुळे ‘नॉर्मन’ हा शब्द कालखंडाचा निर्देश म्हणून स्वीकारावा. कलेचे मूळ सांगणारा शब्द म्हणून नव्हे. शॉबडनचे उदाहरण लक्षात घेता, असा निष्कर्ष काढण्यासाठी लागणारा पुरावा शिल्प आपल्या वास्तूत सुरक्षित असेपर्यंतच उपलब्ध राहतो, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे.