पाक उतरवायचा कोणी?

तैलपाक चुलीवर आहे. कल्काची वर्ती नीट वळली जाते, अग्नीत टाकल्यावर ती तडतडत नाही, गंध व वर्णही आला आहे. तरीही कारागीर पातेले उतरवीत नाही, कारण वैद्यराज बाहेर रुग्णांच्या गर्दीत आहेत आणि ‘मला दाखविल्याशिवाय उतरवायचे नाही’ अशी त्यांची आज्ञा आहे. ते येईपर्यंत मध्यमपाकाचा खरपाक होतो आणि बस्तीसाठी योजलेले तैल अभ्यंगापुरतेच उरते. शिरूर व दौंड तालुक्यांतील लहान फार्मसींमधून हा प्रसंग आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

तैल पुन्हा सिद्ध करता येते. संघटनेची घडी मात्र एकदा विस्कटली की सहज बसत नाही. आमच्या परिचयाच्या एका शाखेचे चिटणीस अनेक वर्षे सभासदांची नोंदवही, बँकेचे पासबुक आणि व्याख्यात्यांशी पत्रव्यवहार एकहाती सांभाळीत होते. ते आजारी पडले आणि मासिक सभा बंद पडल्या. दोष त्यांचा नव्हता. दरवर्षी ‘तुम्हीच पाहा’ म्हणून हात झटकणाऱ्या आम्हा सर्वांचा होता.

या संदर्भात दौंड तालुक्यातीलच एका संस्थेकडे व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावेसे वाटते. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्यास येणाऱ्यांना केडगाव नवे नाही. पंडिता रमाबाईंनी तेथे उभारलेल्या मुक्ती सदनात १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व स्त्रिया आल्या. त्यांना केवळ आश्रय देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे त्यांच्या हाती सोपविली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून नव्या मुली आल्या, तेव्हा आधीच्या मुलींपैकी कित्येक जणी त्यांना सांभाळण्याइतक्या तयार झाल्या होत्या. रमाबाईंच्या धर्ममतांविषयी मतभेद असू शकतात, ते त्यांच्या हयातीतही होते. पण कार्यपद्धतीकडे पाहताना ते बाजूला ठेवावेत.

पुढचा भाग आम्हास अधिक बोलका वाटतो. संस्थेची धुरा कन्या मनोरमाबाई वाहतील, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. त्या जुलै १९२१ मध्ये निवर्तल्या आणि अवघ्या नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. संस्थापिका आणि वारस दोघी नाहीशा झाल्या, तरी संस्था चालू राहिली व आजही आहे. एकच उत्तराधिकारी घडविणे पुरेसे नसते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? आपल्याकडे तर बहुधा ‘मुलगा बीएएमएस झाला की पाहील’ एवढीच योजना असते.

चरकाचार्यांनी चतुष्पादांत वैद्यास प्रधान मानले हे खरे. परंतु सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण आणि परिचारकाचे चार गुण शेजारी ठेवून पाहावेत. दाक्ष्य आणि शौच हे दोन गुण दोन्हीकडे आहेत. परिचारकाने केवळ सांगितलेले करावे, एवढीच आचार्यांची अपेक्षा असती तर त्याच्याकडून दाक्ष्याची आणि उपचारज्ञतेची मागणी कशाला केली असती? प्राधान्य एकाचे असावे. निर्णयक्षमता मात्र प्रत्येक पादात हवी.

ती हुकमाने येत नाही. कारागिराने पाक पारखावा, आपला निर्णय बोलून दाखवावा, मग वैद्याने पाहावे. दहा-बारा पाक असे जुळले की उतरविण्याचा अधिकार त्याचा. एखादा घाणा बिघडेल, तो खर्च शिक्षणाचा समजावा. २००० मध्ये शेड्यूल टी लागू झाल्यापासून निर्मितीच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. त्या नोंदी केवळ निरीक्षकाला दाखविण्यासाठी भरल्या जातात, हे आपण खाजगीत मान्य करतोच. पाक केव्हा व कोणत्या लक्षणावर उतरविला हे कारागिरानेच लिहून सही केली, तर तीच नोंदवही त्याच्या अनुभवाची वही होईल.

उपरोक्त शाखेच्या सभा आता पुन्हा सुरू झाल्या आहेत. पासबुकावर दोघांच्या सह्या चालतात, नोंदवहीची दुसरी प्रत दौंडच्या सभासदाकडे असते. मागील सभेचे अध्यक्षस्थान दोनच वर्षांपूर्वी व्यवसाय सुरू केलेल्या एका वैद्यभगिनीने भूषविले. सभा पाऊण तास लांबली आणि ज्येष्ठांपैकी दोघे मध्येच सूत्रे हाती घेऊ पाहत होते. जुन्या चिटणीसांनी, जे आता बरे होऊन मागच्या रांगेत बसले होते, त्यांना हाताने खुणावून खाली बसविले.