कोणती भूमिका, कोणत्या वयात

सोप्रानोचं, म्हणजे सर्वात उंच पट्टीच्या गायिकेचं, काम बघायचं असेल तर आधी चित्रफितीचा आवाज बंद करावा. हा सल्ला मी ऑपेरा नव्याने ऐकणाऱ्यांना देतो आणि ते माझ्याकडे संशयाने बघतात. पण सॅन फ्रान्सिस्को ऑपेराचं ‘ला बोहेम’ असं बघाच. 1980च्या दशकाच्या अखेरीला चित्रित झालेल्या या प्रयोगात मिमी आहे मिरेल्ला फ्रेनी आणि तिचा प्रियकर रोदोल्फो आहे पावारोत्ती. फ्रेनीबाईंचं वय तेव्हा पन्नाशीपलीकडे आणि मिमी ही पॅरिसमधली कोवळी, क्षयाने खंगत चाललेली शिवणकाम करणारी मुलगी.

आवाज नसला की जबडा दिसतो. खालच्या आणि मधल्या स्वरांवर ओठ बोलल्यासारखे हलतात, ‘ई’ला पसरतात, ‘ऊ’ला गोल होतात. सूर चढू लागला की हे सगळं थांबतं. तोंड उभं उघडतं, जबडा सरळ खाली येतो आणि शब्द कुठलाही असो, आकार ‘आ’च्या जवळ जातो. बाई लाडाने तोंड वासत नाहीत, हा ध्वनिशास्त्राचा हिशेब आहे. ‘ई’ म्हणताना मुखपोकळीचा पहिला अनुनाद साधारण 300 हर्ट्झला असतो आणि मिमीच्या पहिल्या गाण्याचा वरचा स्वर 880 हर्ट्झच्या आसपास. तोंड ‘ई’च्याच आकारात ठेवलं तर त्या स्वराला मुखपोकळीची साथ मिळणार नाही, तो पातळ आणि किरटा होईल. म्हणून जबडा उघडून अनुनाद सुराच्या उंचीपर्यंत न्यायचा. किंमत शब्दाने मोजायची. वरच्या स्वरांत सोप्रानोचे शब्द कळत नाहीत ही तक्रार जुनी आहे, पण संगीतकार पुच्चीनीला हे ठाऊक होतं. मिमी आपलं नाव, आपलं भरतकाम, आपली छोटी खोली यांबद्दल सांगते ते सगळं मधल्या सप्तकात, गप्पांच्या लयीत. आवाज उसळतो तो वसंतातल्या पहिल्या उन्हाजवळ येऊन, आणि तिथे अर्थ समजायला शब्दांची गरज उरत नाही.

हे सगळं मायक्रोफोनशिवाय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे 3,800 माणसं बसतात आणि मधे सत्तर-ऐंशी वादकांचा खड्डा असतो. आणखी एक फरक पट्टीचा. आपल्या मैफलीत गायिका स्वतःचा षड्ज ठरवते. घसा बसलाय, तर काळी चारऐवजी पांढरी पाच. गंगूबाई हनगलांचा आवाज घशावरच्या शस्त्रक्रियेनंतर खाली आला, त्यांनी पट्टी उतरवली आणि राग तेच राहिले. ऑपेरात पट्टी संगीतकाराच्या मालकीची. आवाज बदलला तर गायिकेने भूमिका बदलायची. आणि आवाज बदलतोच. वयाबरोबर तो जड होतो, मधला भाग भरतो, वरची चपळाई थोडी सुटते. सोप्रानोची कारकीर्द म्हणजे या बदलावर नजर ठेवून पुढची भूमिका निवडणं, आणि त्यात फ्रेनीबाईंइतकी सावध गायिका मला दुसरी सापडलेली नाही.

त्यांचा जन्म 1935मध्ये इटलीतल्या मोडेनात, पावारोत्तीच्याच वर्षी, त्याच गावात. दोघांच्या आया तंबाखूच्या कारखान्यात कामाला आणि दोघांची दाईही एकच; दूध कुणाच्या वाट्याला जास्त आलं ते उघड दिसतंय, असं फ्रेनीबाई गमतीने म्हणत. लहानपणी रेडिओवरच्या स्पर्धेत त्यांनी ‘मादामा बटरफ्लाय’मधलं गाणं म्हटलं, तेव्हा बेन्यामिनो जिल्यी या थोर गायकाने बजावलं की आवाज पिकेपर्यंत गाणं थांबव. त्यांनी ऐकलं. 1955मध्ये ‘कार्मेन’मधली मिकाएला म्हणून पदार्पण, मग लग्न, मूल, आणि काही काळाने पुन्हा रंगमंच. इंग्लंडच्या ग्लाइन्डबोर्न महोत्सवात मोझार्टच्या झेर्लिना आणि सुझाना, 1963मध्ये मिलानच्या ला स्कालात वाद्यवृंद-संचालक कारायानच्या हाताखाली मिमी. या सगळ्या लिरिक सोप्रानोच्या भूमिका: सूर लांबवायचा, रंगवायचा, पण वाद्यवृंदाशी झुंज नाही. पुढच्याच वर्षी ला स्कालातच ‘ला त्राव्हियाता’ अंगावर आला. ती भूमिका तिथे गाजवलेल्या मारिया कालासच्या आठवणीने पछाडलेल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

नवख्या श्रोत्याला वाटतं की अवघड म्हणजे उंच. खरं ओझं वेगळं असतं. चाल बहुतेक वेळ कुठे वावरते आणि त्या वेळी खाली वाद्यं किती, हे बघायचं. वरचा स्वर क्षणभर लागतो आणि वाद्यांच्या वरून निघून जातो. मधल्या सप्तकातला आवाज मात्र तुताऱ्या आणि तंतुवाद्यांच्या गर्दीतच असतो, तिथे जोर केला की घसा झिजतो. म्हणून ‘बटरफ्लाय’ धोक्याचं. त्यातली नायिका चो-चो-सान एकदा आली की जवळजवळ रंगमंच सोडत नाही, आणि रडण्याचा आणि आशेचा मोठा भाग याच मधल्या पट्ट्यात आहे. फ्रेनीबाईंनी 1974मध्ये कारायानसोबत तिचं ध्वनिमुद्रण केलं, चित्रपटही केला. रंगमंचावर ती कधीच केली नाही. स्टुडिओत आज एक तुकडा, उद्या दुसरा. नाट्यगृहात ही सोय नाही.

कारायान हा माणूस आवाजांना त्यांच्या सीमेपलीकडे ढकलण्याबद्दल प्रसिद्ध होता. 1970मध्ये साल्झबुर्गला त्याने फ्रेनीबाईंना ‘ओतेल्लो’ची डेस्डेमोना दिली, मग ‘डॉन कार्लो’ची एलिझाबेथ, 1979मध्ये आयदा. त्याने याहून जड तुरांदोतही पुढे केली. तिथे बाई नाही म्हणाल्या. त्या काळात कारायानला नकार देण्याचं धाडस फार थोड्यांत होतं.

एलिझाबेथ कशी गायची हे 1983च्या मेटच्या चित्रणात दिसतं. पाच अंकी ‘डॉन कार्लो’ आहे. तिचं सर्वात मोठं गाणं पाचव्या अंकात, म्हणजे जवळजवळ चार तासांनी. आधीच्या अंकांत, समूहगानांत आवाज कुठे खर्च करायचा आणि कुठे नुसतं असायचं, हा हिशेब प्रेक्षकाला दिसू नये अशा बेताने करायचा. पाचव्या अंकात वाद्यवृंदाची लांब प्रस्तावना संपते आणि पहिलाच सूर भरलेला, न थकलेला येतो. त्या प्रयोगात राजा फिलिप आहे निकोलाय ग्याउरोव, म्हणजे त्यांचे दुसरे पती.

पन्नाशीच्या आसपास त्या रशियन ऑपेराकडे वळल्या: ‘ओनेगिन’ची तात्याना, ‘इस्पिकची राणी’मधली लिझा. मग ‘फेदोरा’, ‘आद्रियाना लेकुव्रर’. मिमी तेवढी सुटली नाही. शेवटच्या अंकात मिमी पलंगावर पडून जे गाते ते खालच्या सुरांत, कुजबुजीजवळ. 1965च्या झेफिरेल्लीच्या चित्रपटातला त्यांचा आवाज जास्त गोड आहे, हे मान्य. पण सॅन फ्रान्सिस्कोत त्या खालच्या सुरांना जे वजन आलंय त्यापुढे मला ती गोडी किरकोळ वाटते.

रंगमंचावरची शेवटची भूमिका एप्रिल 2005मध्ये वॉशिंग्टनला, चायकोव्स्कीच्या ऑपेरातली जोन ऑफ आर्क. वय सत्तर आणि भूमिका विशीच्या आतल्या मुलीची, म्हणून बातम्यांत कौतुक झालं. जाणकारांना मात्र त्यामागचा बेत कळला असणार: ही भूमिका चायकोव्स्कीने सोप्रानोसाठी लिहिली आणि नंतर मेझो, म्हणजे सोप्रानोहून खालच्या पट्टीच्या, गायिकेसाठी स्वतःच बदलून दिली. मेझोही ती गातात, कारण मधल्या सप्तकात तिला भरपूर जागा आहे.